परतीचे ओझे

जुन्या बी. एस. ए. सायकलीच्या हँडलाखालचा बिल्ला ज्यांनी निरखून पाहिला असेल, त्यांना आठवत असेल की त्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या असत. लहानपणी मला त्या चित्राचे भारी नवल वाटे. सायकल म्हणजे शाळामास्तरांचे, पोस्टमनचे, दूधवाल्याचे गरीब वाहन. तिच्या कपाळी ही बंदूक कशाला? पुढे वाचनात उलगडा झाला. बी. एस. ए. म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली. लढाई असली की कामाला उसंत नाही, आणि शांतता आली की भट्ट्या थंड, असा तो धंदा. १८८० च्या सुमारास बंदुकांची मागणी आटली, तेव्हा या मंडळींनी सायकली करायला घेतल्या. पोलादी नळी सरळ राखणे आणि सूतभरही फरक न पडू देता एकासारखे एक सुटे भाग घडवणे, हे कसब दोन्हीकडे सारखेच लागते. अमेरिकेतल्या आयव्हर जॉन्सन या कारखानदारानेही पिस्तुले आणि सायकली एकाच नावाने विकल्या. फ्रान्समध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘व्हेलोडॉग’ नावाचे चिमुकले रिव्हॉल्व्हर निघाले होते. सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना झोंबणाऱ्या कुत्र्यांना धाक घालायचा, एवढेच त्याचे अवतारकार्य!

तेव्हा सायकल आणि शिकार ही नावे एका दमात घेतली म्हणून कोणी दचकू नये. दोघींचे माहेर एकच आहे.

हा सगळा विषय माझ्यापुढे आला तो माझ्या भाच्यामुळे. तो नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यात मिसूला या गावी राहतो. चारी बाजूंनी डोंगर, मधे नदी, असे ते गाव. तिथे ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे फराळाच्या भट्ट्या पेटलेल्या असतात त्याच सुमारास, बंदुकीच्या शिकारीचा मोसम उघडतो. शेजाऱ्याबरोबर एल्कच्या शिकारीला जायचे त्याने ठरवले आणि मला फोन केला. म्हणाला, “मामा, बंदूक मी हातात धरणार नाही. पण ओझं वाहायला बरोबर जाणार आहे. तिथे सायकल न्यावी लागते. कुठली घेऊ? तुमचा जन्म सायकलीवर गेला, तुम्हीच सांगा. आईला मात्र यातलं काही कळवू नका.” माझी बहीण कांदालसूणही चातुर्मासात वर्ज्य करणारी, तिला कळवण्याची माझीही छाती नव्हती.

डोंगरात शिकारीला सायकल का, हा प्रश्न वाचकांनाही पडेल. कारण असे की तिकडच्या सरकारी जंगलांत लाकूडतोडीसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांचे जाळे आहे. त्यांतल्या पुष्कळ रस्त्यांवर आता आडवे फाटक असते. जनावरांना त्रास होऊ नये आणि माती धुपू नये म्हणून मोटारींना पुढे मज्जाव. पायी जा, घोड्यावर जा, पुष्कळ ठिकाणी सायकलवरही जा. घोडा पाळणे सर्वांना परवडत नाही. पायी जाणारा पहाटेच्या अंधारात तासाभरात चार-पाच किलोमीटर गाठतो. सायकलवाला त्याच वेळात दुप्पट पुढे जातो, आणि तोही गाजावाजा न करता. सामान्य ऐपतीच्या माणसाला रानात खोल नेणारे हे वाहन आहे.

पण भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला तो निराळाच. “तू जाशील कसा हे नंतर पाहू. येताना काय घेऊन येणार आहेस, ते आधी सांग.”

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतला, पण त्याहून थोराड प्राणी. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. हाडे वगळून त्याचे नुसते मांस शंभर किलोच्या आसपास निघते. मोन्टानाचा कायदा सांगतो की मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा गुन्हा आहे. शिंगे तेवढी उचलून चालते होता येत नाही. शिवाय त्या रानात ग्रिझली अस्वले आहेत; रक्ताचा वास त्यांना दुरून येतो, म्हणून रेंगाळण्याचीही सोय नाही. आता हिशेब मांडा. फाटकापासून आठ किलोमीटरवर जनावर पडले. दोघांनी पाठीवर पंचवीस-पंचवीस किलो घेतले, तर दोन खेपा लागतात. येऊनजाऊन माणशी ३२ किलोमीटरची पायपीट, त्यातली निम्मी ओझ्यासकट. दोघांकडे सायकली असल्या, प्रत्येकीमागे ३२ किलो वाहणारा एकचाकी गाडा असला आणि पाठीवर १८ किलो असले, तर एकाच खेपेत काम उरकते. सारा फरक परतीच्या वाटेवर पडतो. म्हणून मी म्हणतो की डोंगरातली सायकल निवडावी ती परतीच्या ओझ्याकडे पाहून. जाताना कोणतीही सायकल चांगलीच वाटते.

हे शहाणपण माझे नव्हे. ते ज्यांनी घाम गाळून मिळवले, त्यांची कथा नेमकी त्याच मिसूला गावात सुरू होते. गावाबाहेर फोर्ट मिसूला नावाचे लष्करी ठाणे होते. १८९६ साली तिथे २५ वी इन्फन्ट्री ही पलटण होती. शिपाई सगळे कृष्णवर्णीय आणि वरचे अधिकारी गोरे, अशी त्या काळची रीत. त्यांतला जेम्स मॉस नावाचा तरुण लेफ्टनंट सायकलवेडा होता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८९४ साली तो बाहेर पडला तो वर्गातल्या शेवटच्या क्रमांकाने. पण डोक्यात कल्पना अशी, की घोड्याला दाणावैरण लागते, सायकलीला काहीच लागत नाही, मग पलटण सायकलवर का चालू नये? सेनापती नेल्सन माइल्स यांनी परवानगी दिली आणि स्पाल्डिंग कंपनीने सायकली पुरवल्या. पहिल्या उन्हाळ्यात आठ शिपाई घेऊन मॉस डोंगरांतून हिंडला, यलोस्टोनपर्यंत जाऊन आला, आणि काय मोडते, काय टिकते याची नोंद करीत गेला.

दुसऱ्या वर्षीच्या सायकली त्या नोंदींवरून तयार झाल्या. शौकीन लोकांच्या सायकलींना तेव्हा लाकडी रिमा असत. मॉसने पोलादी रिमा मागितल्या. पुढचा चिमटा जाड करून घेतला. चेनीवर धूळचिखलापासून बचाव करणारे आवरण चढवले. फ्रेमच्या त्रिकोणात बसेल अशी पेटी केली. कांबळे आणि तंबूचे कापड गुंडाळून हँडलापुढे बांधले. रिकामी सायकल सुमारे ३२ पौंडांची, म्हणजे साडेचौदा किलोंची. सामानासकट तीच सुमारे ५९ पौंडांची, म्हणजे २७ किलोंची. रायफल निराळी. शिधा मात्र प्रत्येकाजवळ दोनच दिवसांचा. पुढचा शिधा दर शंभर मैलांवर आधीच पोहोचवून ठेवलेला. जे वाटेत मिळू शकते ते अंगावर वाहायचे नाही, हा प्रवासाचा पहिला धडा या मंडळींनी तेव्हाच गिरवला होता.

१४ जून १८९७ रोजी मॉस, एक डॉक्टर, एक तरुण वार्ताहर आणि वीस शिपाई मिसूलाहून निघाले ते २४ जुलैला सेंट लुई शहरी पोहोचले. अंतर १९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरांवर. दिवस ४१. जूनमध्येही डोंगरमाथ्यावर त्यांना बर्फाने गाठले. माती अशी चिकट की चाकांत बसून चाकेच फिरेनात. नेब्रास्काच्या वाळूत सायकल चालेना, तेव्हा रेल्वेच्या रुळांमधल्या स्लीपरांवरून धक्के खात ती ढकलत न्यायची. खारट पाणी पिऊन माणसे आजारी पडली. सेंट लुईला हजारो लोक त्यांना पाहायला लोटले. पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध जुंपले, सायकल-पलटण मोडली आणि प्रयोग दप्तरात जाऊन पडला.

त्या वीस जणांचा म्होरक्या होता सार्जंट मिंगो सँडर्स. वय ३९, तुकडीत सर्वांत वडील. त्याची पुढची हकीगत मी भाच्याला मुद्दाम सांगितली. १९०६ साली टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात गोळीबार झाला आणि त्याचा आळ या पलटणीवर आला. कोणा एकावरही गुन्हा शाबीत झाला नाही. तरीही राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ शिपायांना एका फटकाऱ्यानिशी बडतर्फ केले. त्यांत पंचवीस वर्षे चाकरी केलेला सँडर्सही होता. त्याचे पेन्शन गेले. सरकारने ही शिक्षा चुकीची होती असे मान्य करून बडतर्फीचा डाग पुसला तो १९७२ साली. सँडर्स तेव्हा कधीच हयात नव्हता. रूझवेल्ट स्वतः जगप्रसिद्ध शिकारी. त्यांच्या शिकारीच्या कथा घरोघर वाचल्या गेल्या. त्याच मुलखातले डोंगर सायकलीवर बोजा लादून ओलांडणाऱ्याचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. सायकलीचे वजन पौंडापर्यंत मोजणाऱ्या सरकारला ती वाहणाऱ्या माणसाचे मोल मोजता आले नाही.

सायकल किती वाहू शकते याचा कमाल पुरावा मात्र अमेरिकेने नव्हे, तर व्हिएतनामने दिला. १९५४ साली दिएन बिएन फूच्या खोऱ्यात फ्रेंच फौज ठाण मांडून बसली होती. डोंगरांतून तोफा आणि दाणागोटा इथवर आणणे शत्रूला शक्य नाही, असा तिचा हिशेब. व्हिएतनामी सैन्याने मालमोटारींच्या जोडीला हजारो सायकली कामाला लावल्या. बसायचे नाहीच, फक्त ढकलायचे. हँडलाला बांबू बांधून ते लांब केले, सीटमागे एक उभा दांडा रोवला, म्हणजे बाजूने चालत सायकल वळवता आणि तोलता येते. ट्यूब फुटू नये म्हणून तिच्याभोवती जुन्या कपड्यांच्या चिंध्या गुंडाळल्या. एरवी एका माणसाचे वजन पेलणारी सायकल अशा रीतीने दोनशे किलो वाहू लागली. काही बहाद्दरांनी तीनशेचाही आकडा ओलांडला. ७ मे रोजी ठाणे पडले. आपल्याकडे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकावून घाट चढणारा गवळी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात फार आश्चर्य वाटणार नाही. तो तरी चढावर सायकलीवर बसतो कुठे?

ओझे चढवण्याची विद्या अशी जुनी. उतरण्याची विद्या मात्र अलीकडची, आणि ती काही हूड पोरांनी शोधली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथली तरुण मंडळी भंगारातून जुन्या, फुगीर टायरांच्या श्विन सायकली शोधून आणीत आणि त्या घेऊन वणवा विझवायच्या कच्च्या वाटेने खाली सुटत. दोन मैलांत तेराशे फूट उतार! सायकलीला मागच्या चाकाच्या तुंब्यातला, उलट पायडल मारून लागणारा ब्रेक. तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई, आणि तळाला पोहोचल्यावर तुंबा खोलून नव्याने ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. या उद्योगातूनच चांगले ब्रेक, मजबूत फ्रेम आणि भरपूर गिअर असलेली नवी सायकल जन्मली. जो ब्रीझने १९७७ साली आपली पहिली सायकल घडवली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली टॉम रिचीच्या फ्रेमी घेऊन ‘माउंटनबाइक्स’ नावाने दुकान थाटले. १९८१ साली ‘स्टम्पजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने निघालेली माउंटन बाइक बाजारात आली.

उरले बर्फ आणि वाळू, ज्यांनी मॉसच्या शिपायांना पायउतार केले होते. त्यांचा बंदोबस्त अलास्कात झाला. तिथे १९८७ साली बर्फावरची सायकल-शर्यत सुरू झाली, आणि टायर बर्फात रुतू नये म्हणून लोक रिमा रुंद करू लागले. कोणी तर दोन रिमा शेजारी शेजारी जोडल्या. २००५ मध्ये सर्ली कंपनीची ‘पग्जली’ आली. तिचे टायर जवळजवळ चार इंच रुंद. उंटाच्या पायासारखेच हे गणित आहे: तळवा पसरट, म्हणून पाऊल रुतत नाही.

एवढा इतिहास ऐकवल्यावर भाचा म्हणाला, “मामा, घ्यायचं काय ते सांगा.” मी सांगितले ते असे. फ्रेम पोलादाची किंवा जाड अॅल्युमिनियमची, आणि कॅरिअरचे स्क्रू बसतील अशी भोके असलेली. पाच-सहा हजार डॉलरांच्या शर्यतीच्या नाजूक सायकलीवर मांस लादणे म्हणजे पैठणी नेसून शेण सारवणे. मागच्या चाकाला धक्के शोषणारी स्प्रिंग नको. तिच्यावर कॅरिअर नीट बसत नाही. टायर अडीच-तीन इंच रुंद. बर्फ फार असेल तरच चार इंची. हवा कमी ठेवावी. ट्यूबऐवजी आत पातळ डिंकासारखे द्रव असलेले टायर घ्यावेत. काटा लागला तरी भोक आपोआप बुजते.

गिअरचा हिशेब वहीवर करावा. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. पुढे २२ आणि मागे ३४ असले, तर तेवढ्याच फेऱ्यात ती दीड मीटर सरकते. वेग गोगलगायीचा, पण ओझ्यासकट चढ चढतो तो याच दीड मीटरवर. ब्रेक डिस्कचे असावेत. ओल्या रिमेवर रबर घसरते, आणि मागून गाडा ढकलत असताना घसरून चालत नाही. गाडा एकचाकी असला तर अरुंद वाटेवरून जातो. दोनचाकी रुंद रस्त्याला बरा. दहा-दहा किलो वाळू भरून हा सगळा संसार घराजवळच्या टेकडीवर आधी चालवून पाहावा.

मग आवाज. चमकणारे भाग काळ्या चिकटपट्टीने झाकावेत, खडखडणाऱ्या प्रत्येक वस्तूखाली कापड घालावे. काही फ्रीव्हील न मारता सोडले की टिकटिक करतात. ती टिकटिक पहाटे कोसभर वाटते. बंदूक बरोबरच्या माणसाची असली तरी तिची नळी रिकामी आहे हे दर वेळी डोळ्यांनी पाहावे. सायकलवर पडायला वेळ लागत नाही. अंगात भगव्या-नारिंगी रंगाचे जाकीट घालावे. मोन्टानात बंदुकीच्या मोसमात ते कायद्यानेच घालावे लागते. हरणांना तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसांना दिसतो, आणि तेच हवे. शेवटचा मैलभर सायकल झाडाला बांधून चालतच जावे.

“मोटर लावलेली घेऊ का?” असे त्याने विचारलेच. ती ओझ्याला उत्तम, यात शंका नाही. पण अमेरिकेचे वनखाते अशा सायकलीला मोटारगाडीच्याच पंक्तीत बसवत आले आहे. ज्या फाटकामुळे तुला सायकल हवी झाली, त्याच फाटकाशी ती अडण्याची शक्यता. फाटकावरची पाटी वाचून मगच पैसे मोजावेत.

फाटकाच्याही पलीकडे आणखी एक सीमा आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. १९६४ साली अमेरिकेने काही रानांभोवती कायद्याचे कुंपण घातले. तिथे रस्ता नाही, मोटार नाही, यांत्रिक वाहनही नाही. १९८४ पासून वनखात्याच्या नियमाने सायकलही तिथे वर्ज्य आहे. दोन चाकांचे इतके निरुपद्रवी वाहन, पण त्यालाही ‘इथे थांब’ म्हणणारी जागा पृथ्वीवर राखून ठेवली आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा नादच बंद केला. दोन्ही देशांच्या रीती निराळ्या, माणसे आणि राने यांचे प्रमाण निराळे; पण दोन्ही कायद्यांमागे भान एकच. रानात किती आत शिरायचे आणि तिथून काय उचलून आणायचे, हे माणसाने आधी ठरवावे.

मांस खाणारा मी नाही. तरी त्या शिकाऱ्यांपैकी जो आपण मारलेल्या जनावराचा तुकडा न तुकडा स्वतःच्या पायांच्या बळावर आठ किलोमीटर बाहेर आणतो, त्याच्याबद्दल माझ्या मनात अनादर उरला नाही. सुटीतला गोळीबार आणि जबाबदारीची शिकार यांतला फरक त्या आठ किलोमीटरांत आहे. हौस आपल्याला डोंगरावर घेऊन जाते. तिला काही लागत नाही, वाराही पुरतो. उतरताना मात्र आपण जे केले त्याचे वजन मागच्या चाकावर येते. मॉसच्या शिपायांना, दिएन बिएन फूच्या हमालांना आणि टॅमलपाइसच्या पोरांना सायकलीने हे एकेका रीतीने शिकवले. शेवटी सायकल ही मोठी प्रामाणिक बाई आहे. तिच्यावर जेवढे लादावे तेवढे ती मुकाट वाहते. पण त्याचा हिशेब मात्र दर चढावर आपल्याच पायांकडून चुकता करून घेते.